घोंगड्याआडची सासू

जीपमधून आधी आबासाहेब उतरले, मग मल्हार उतरला, आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना छबूबाई उतरली.

भाकरतुकडा हातात घेऊन दारात उभी असलेली फुलाबाई जागच्या जागी थिजली. "आगं बया, इहीनबाईबी आल्या!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. जावई येणार, जावयाचा बाप येणार, हे ठरलेलं होतं. पण जावयाची आई? आखाडात? सुनेच्या माहेरी?

असं कुणी करतं का हो! नव्या नवरीनं पहिल्या आखाडात सासूचं तोंड बघायचं नाही आणि सासूनं तिचं. बघितलं तर घराला बाधतं, कुणाचं तरी बरंवाईट होतं. तेवढ्यासाठीच तर पोरीला आखाडभर माहेरी धाडतात. यंदा तर कहर झाला होता. अधिक महिना नेमका आखाडातच पडला आणि एकाचे दोन आखाड झाले. अधिकातला आखाड धरायचा नसतो, असं अंथुर्ण्याच्या भटजीबुवांनी सांगून बघितलं. पण फुलाबाईच्या नवऱ्याची, जोतीरामची, थोरली बहीण कुशाबाई नवरा गेल्यापासून भावाच्या घरात कायदा चालवत होती. तिनं एका वाक्यात निकाल लावला, "नाव आखाडच हाय न्हवं त्येचं? मग झालं तर!" म्हणून वैशाखात लग्न होऊन पिंपळीला गेलेली मनिषा जेठ सरता सरता अंथुर्ण्याला परत आली, ती दोन महिन्यांच्या बोलीवर. आणि अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात जावयाला वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. आजचा घाट त्यासाठीच होता.

"मने! आत पळ! त्वांड फिरव आदी!" कुशाबाई ओरडली.

मनिषा माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिला सासूच्या लुगड्याचा हिरवा काठ तेवढा दिसला आणि ती चुलीकडं पळाली. बाहेर छबूबाईनंही पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"काय वो इहीनबाई, दोन महिनं दम निघंना व्हय?" कुशाबाईनं विचारलं.

"न्हाय निघाला," छबूबाई पदराआडून म्हणाली. "ल्योकाचं धोंडं हायती, मला बगायचं हुतं. सुनेचं त्वांड न्हाय बगत मी. बसते कोपऱ्यात."

आबासाहेब ओशाळून म्हणाले, "मी नगं नगं म्हनत हुतो, जोतीराम. ही जीपमंदी जाऊन बसली. आता भर रस्त्यात वडून काढायची का?"

"असू द्या, असू द्या, घर तुमचंच हाय," जोतीराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार? व्याह्यापुढं तो लग्न ठरल्यापासून वाकून चालत होता. त्यात आबासाहेबांच्या भाच्याचं स्थळ धाकट्या लेकीसाठी, मोनासाठी, पुढं आलं होतं. म्हणजे अजून वाकायचं बाकीच होतं.

शेवटी तोड काढली ती कुशाबाईनंच. तिनं ट्रंकेतून सोनबाचं घोंगडं काढलं. सोनबा म्हणजे तिचा आणि जोतीरामचा बाप, ह्या घरातला मेंढरांमागं चाललेला शेवटचा माणूस. पाटाचं पाणी शेतात आल्यावर त्यानं कळप विकला, आणि विकायच्या आधीच्या कातरणीची लोकर ठेवून घेऊन हे घोंगडं विणून घेतलं होतं. आता घरात टमाटे होते, डाळिंब होतं, ट्रॅक्टर होता. मेंढरांचं म्हणावं असं हे एवढंच उरलं होतं. कुशाबाईनं ते माजघराच्या मधोमध कपड्यांच्या दोरीवर टाकलं. ह्या बाजूला चूल आणि मनिषा. त्या बाजूला ओसरीचं दार आणि छबूबाई.

"आता हूं द्या काय हुतंय ते," असं म्हणून कुशाबाई हात झटकत ओसरीवर गेली.

*

मनिषाचे हात कणकेत होते आणि सगळं ध्यान ओसरीकडं होतं.

आज बाबा विषय काढणार होते. आईनं तसं कबूल केलं होतं. "जेवनं झाली की काडत्यात म्हनलंय. तू आता रडू नगंस," असं आईनं सकाळीच सांगितलं होतं. विषय एकच, भवानीनगरच्या खोलीचा. मल्हार तिथं कारखान्याच्या वर्कशॉपात होता आणि जवळच्या एका चाळीत खोली घेऊन राहत होता. लग्न ठरताना आबासाहेबांनी ह्याच ओसरीवर मांडी ठोकून सांगितलं होतं, पोरगं नोकरीच्या जागी राहतंय, पोरगीबी तिथंच राहील, दोघं राजाराणीसारखी. त्या एका वाक्यावर मनिषानं कॉलेजचा हट्ट सोडला. बारावीला चांगले मार्क पडले होते तरी सोडला. खोलीत काय कुठं ठेवायचं हेसुद्धा तिनं लग्नाआधीच मनात ठरवून टाकलं होतं. स्टो खिडकीपाशी, पाण्याची कळशी दाराआड.

आणि झालं काय? पिंपळीच्या घरात भरल्या माणसांत पहाटेपासून भाकरी. पीठ मळलं तर सासू काही न बोलता ते पुन्हा मळायची. ओरडली असती तरी बरं वाटलं असतं. मल्हार सुट्टीच्या दिवशी यायचा, जेवायचा, भावांबरोबर रानात जायचा. तिच्याशी बोलायचं म्हटलं की त्याची नजर जमिनीवर. एकदा विहिरीवर तिनं धीर करून विचारलं, "मला खोलीवर कदी न्यायचं?" तर तो म्हणाला, "आई नगं म्हनती. पयलं वरीस घरात काडू दे म्हनती."

त्या दिवसापासून ती छबूबाईचा मनापासून राग करत होती. भाकरी थापताना राग, धुणं आपटताना राग. महिनाभर एका चुलीपाशी बसून तिनं सासूच्या तोंडाकडं एकदाही धड बघितलं नव्हतं. आखाड लागला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आणि आता ती बया पिंपळीहून इथवर आली होती. विषय हाणून पाडायलाच आली असणार!

"मनिषा," घोंगड्यापलीकडून हळू आवाज आला. "हायस का गं?"

मनिषानं कणकेची पारी करायला घेतली.

"बोल की. त्वांड बगायचं न्हाय. बोलायचं न्हाय असं कुनी सांगितलंय?"

"बोला, आत्याबाई."

"धोंडं करतीयास?"

"व्हय."

"बरं." छबूबाईचा आवाज घोंगड्याच्या आणखी जवळ आला. "तुला एक इचारायला आले. त्येच्यासाठीच आले, धोंड्याचं निमित्त. तू भवानीनगरला का जाईना झालीस?"

मनिषाच्या हातातली पारी फाटली आणि पुरण बोटांवर आलं. "मी?"

"तुला गावातच बरं वाटतंय म्हनं. खोलीत एकटीला भ्या वाटतंय म्हनं. आगं, समद्याच पोरींला वाटतं भ्या. चार दिसांत जातंय. पर दोगांनी येका जागी ऱ्हायल्याबिगर संसार कसा हुयाचा?"

"आत्याबाई, तुमीच नगं म्हनलाय न्हवं?" मनिषाचा आवाज चढला. "पयलं वरीस घरात काडायचं, असं तुमीच सांगितलंय न्हवं?"

"कुनी सांगितलं तुला ह्ये?"

"त्येंनी."

ओसरीवर आबासाहेब डाळिंबाच्या फवाऱ्याबद्दल काहीतरी विचारत होते आणि जोतीराम नको तेवढं मोठ्यानं उत्तर देत होता.

"मी असं म्हनले न्हाय," छबूबाई म्हणाली. "बिरोबाची आन हाय. म्या न्हाय म्हनले."

*

छबूबाईला आता एकेका गोष्टीची संगती लागत गेली.

गेल्या आठवड्यात ती शेंगदाण्याची चटणी घेऊन भवानीनगरला मल्हारच्या खोलीवर गेली होती. खोली झाडून पुसून लख्ख. एक ताट, एक वाटी, एक तांब्या, एक उशी. लग्नात मिळालेली भांडी पिंपळीच्या माळ्यावर बांधल्या बोचक्यात तशीच पडून होती, त्यातलं एकही भांडं त्यानं आणलं नव्हतं. ती म्हणाली होती, "आरं, लगीन झालंया तुजं, अजून येकच ताट?" तर त्यानं ताट विसळत विसळत सांगितलं होतं, "तिलाच न्हाय यायचं, आई. तिला गावात बरं वाटतंय."

तेव्हा तिला सुनेचा राग आला होता. शिकलेली पोर, हिला नवऱ्याचं काहीच कसं नाही! पण राग गिळून ती आज आली होती, कारण तिला हे पाहिजे होतं. अगदी मनापासून पाहिजे होतं. तिच्या स्वतःच्या आयुष्यात आबासाहेबांनी आणि तिनं समोरासमोर बसून कधी भाकरी खाल्ली नव्हती. आधी सासरा जेवायचा, मग दीर, मग नवरा, मग पोरं, आणि मग ती चुलीपाशी उरलंसुरलं. सूनबाई आली तेव्हा ती मनात म्हणाली होती, ही तरी बसंल नवऱ्यासमोर. म्हणूनच तर ती तिचं पीठ पुन्हा मळायची. पोरीचे हात नाजूक, पीठ घट्ट राहायचं, त्याची भाकरी चिरायची आणि जावा हसायच्या. कुणी हसू नये म्हणून ती मळून द्यायची. हे तोंडानं सांगायचं असतं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"मनिषा, माजा राग राग केलास व्हय गं तू?"

"केला," मनिषा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "लय केला, आत्याबाई."

"आन म्या तुजा."

घोंगड्याखालून एक हात आत आला. बोटांना भेगा, मनगटात हिरव्या बांगड्या. मनिषानं आपला पुरणाचा हात तसाच त्या हातात दिला. तोंड बघायचं नव्हतं. हाताचं कुणी काही म्हटलं नव्हतं.

"मग त्येंनी असं का केलं?" मनिषानं विचारलं. "त्येंचं दुसरीकडं काय हाय का?"

"न्हाय गं. तसलं असतं तर आईला वासानं कळतं." छबूबाई अडखळली. "मलाबी कळंना. थांब, इचारते मी त्येला. आजच इचारते."

"नगं, आत्याबाई. समद्यांपुडं नगं."

"मग कवा? बाप्ये मानसं गेली म्हंजी पुन्ना हाय तसंच."

*

मल्हार वाईट पोरगा नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर त्याला शिव्या देऊन मोकळं होता येतं.

ओसरीवर त्याला पाटावर बसवलं होतं. शेजारी दुसरा पाट होता तो मनिषाचा. वाण जोडीनं घ्यायचं असतं, पण छबूबाई ओसरीच्या दारातच बसलेली म्हटल्यावर मनिषाला बाहेर येता येत नव्हतं. कुशाबाईनं त्यावरही उपाय केला. तिनं रिकाम्या पाटावर अक्षता टाकल्या आणि वर सुपारी ठेवली. "हीच मनिषा म्हनायची आता," ती म्हणाली, आणि आबासाहेब मोठ्यानं हसले.

मल्हार त्या सुपारीकडं बघत बसला. त्याला वाटलं, अशीच असती तर किती बरं झालं असतं. गप्प, शेजारी, काही न मागणारी. आणि हे मनात आल्याबद्दल त्याला स्वतःचीच लाज वाटली.

जोतीराम आणि फुलाबाई तांब्याचं ताम्हण घेऊन त्याचे पाय धुवायला बसले. ह्या महिन्यात जावई म्हणजे देव. बापाच्या वयाचा माणूस त्याच्या टाचेवरून अंगठ्यावरून हात फिरवत होता. मल्हारला पाय ओढून घ्यावेसे वाटत होते.

तो लहानपणापासून माणसांत वाढला. एका वाकळेत चौघं भावंडं, एका ताटात दोघं. शौचाला जायचं तरी कुणीतरी बरोबर. भवानीनगरची खोली मिळाली तेव्हा पहिल्यांदा त्यानं दार लावलं, कडी घातली आणि आत कुणीच नव्हतं. कामावरून यायचं, भात टाकायचा, रेडिओ लावायचा, भिंतीला टेकून जेवायचं. कुणी बघत नाही. कुणी विचारत नाही. त्याला ते सुख कुणाला सांगता आलं नव्हतं, कारण असलं सुख असतं हे त्याच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. लग्नाला तो नाही म्हणाला नाही, कारण नाही कसं म्हणतात ते त्याला येत नव्हतं. मनिषा चांगली होती, हुशार होती, दिसायलाही छान होती. ती मोठे मोठे डोळे करून त्याच्याकडं बघायची आणि काहीतरी वाट बघायची, आणि आपल्याकडं तिला द्यायला काहीच नाही ह्या भीतीनं तो नजर खाली वळवायचा. तिला खोलीवर आणायचं म्हणजे रोज त्या डोळ्यांपुढं बसायचं. मग त्यानं इकडं एक सांगितलं, तिकडं एक सांगितलं. आज नाही तर उद्या कळणारच होतं. पण तो दिवस पुढं ढकलत राहण्यापलीकडं त्याला काही सुचत नव्हतं.

फुलाबाईनं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. तीस-तीन अनारसे, मधोमध पेटतं निरांजन.

"घ्या, जावायबापू."

"मल्हारी, थांब," दारातून छबूबाई म्हणाली. "वाण घ्यायच्या आदी मला येक सांग. सुनेला खोलीवर न्यायला मी कवा नगं म्हनले?"

मल्हारचे हात ताटाच्या काठावर तसेच राहिले.

आबासाहेबांनी मान वळवली. "आगं, ही येळ हाय का?"

"हीच येळ हाय. मला म्हनला, सूनबाई यीना. सूनबाईला म्हनला, आई सोडंना. आमी दोगी येकमेकीचा राग राग करत बसलो. का रं बाबा? आमी काय घोडं मारलं तुजं?"

जोतीराम पाय धुतलेलं पाणी हातात घेऊन तसाच उकिडवा बसला होता. फुलाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "व्हय, मल्हारराव, पोरीचंबी तेच म्हननं हाय," ती घाईघाईनं म्हणाली. "ती रोज रडतीया हितं. खोलीवर राहायचं असंच ठरलं हुतं तवा."

"फुले, तू गप," जोतीराम म्हणाला.

"का म्हनून गप? तुमी इचारनार हुता न्हवं?"

"आता न्हवं! पाव्हणं जेवायचं हायती आजून!"

"आमाला काय घाई न्हाय," आबासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "पर जोतीराम, येक सांगतो. पोरगी लगीन हून दोन महिनं न्हाय झालं तवर खोली खोली कराया लागली, ही चाल काय बरी न्हाय. आमच्या बहिणीनं ह्ये ऐकलं तर ती इचार करंल. धाकटीबी ह्याच घरातली."

झालं. मोनाचं नाव निघालं आणि फुलाबाईचा आवाज बसला. तिनं एकदा घोंगड्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. "न्हाय, तसं काय न्हाय," ती पुटपुटली. "पोर ल्हान हाय. मन रमंना म्हनून बोलती. पिंपळीला काय कमी हाय का तिला?"

मनिषा घोंगड्याला नाक लावून उभी होती. लोकरीचा जुना वास येत होता. आई आपल्या बाजूनं बोलली आणि दुसऱ्याच वाक्याला पलटली, हे तिनं कानांनी ऐकलं. तिच्या बाजूनं आता अख्ख्या घरात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याचंच तोंड बघायला बंदी होती.

"छबे, ऊठ तितनं," आबासाहेब म्हणाले. "जीपमंदी जाऊन बस."

"न्हाय उठत. त्येला बोलू द्या."

"मी बोलते," मनिषा म्हणाली.

घोंगड्याआडून नवरी बोलते आहे, नवऱ्याशी, सासऱ्याच्या देखत! कुशाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"मला येवढंच सांगा," मनिषा म्हणाली. "मला न्यायचं हाय का न्हाय? न्हाय म्हना, मी काय म्हननार न्हाय. पर दुसऱ्याच्या नावावर घालू नका."

मल्हारनं आईकडं बघितलं. पदर तोंडावर, नुसती हनुवटी दिसत होती, आणि ती हलत होती. बापाकडं बघितलं. सासऱ्याकडं बघितलं, तो अजून ओल्या हातांनी उकिडवाच बसला होता आणि त्याच्या नजरेत नुसती विनवणी होती. मल्हारला वाटलं, आत्ता खरं बोलावं. मला एकट्याला बरं वाटतं म्हणावं. पण हे वाक्य त्याच्या घरात, त्याच्या गावात, त्यानं ऐकलेल्या कुठल्याच माणसाच्या तोंडात आजवर आलेलं नव्हतं. ते म्हणायचं कसं?

"नेतो," तो म्हणाला.

"आँ?" आबासाहेब.

"नेतो म्हनलं. पंचमी झाली की नेतो." आणि त्यानं वाणाचं ताट कपाळाला लावलं. डोळे मात्र त्यानं सुपारीवरच ठेवले होते.

ओसरीवर केवढा मोठा सुस्कारा पडला! जोतीराम हसला, आबासाहेब हसले. "बगा, येवढी साधी गोष्ट!" कुशाबाई म्हणाली, "पोरी, आता तरी धोंडं वाड." मोना तुपाची वाटी घेऊन पळाली. फुलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पदरानं ते टिपत, हसत, आत आली. "झालं तुज्या मनासारकं? आं? झालं न्हवं?"

मनिषा उभीच होती. झालं होतं. तिनं मागितलं ते मिळालं होतं. पण तो 'नेतो' तिनं ऐकला होता. वर्कशॉपात साहेबानं जादा पाळी लावल्यावर माणूस जसा 'येतो' म्हणतो, तसा होता तो.

*

जेवणं झाली. घोंगड्यापलीकडं छबूबाईनं एक धोंडा चिवडला आणि ताट बाजूला सारलं. मल्हारच्या 'नेतो'मधला तो सूर तिनंही ऐकला होता. नऊ महिने पोटात वागवलेल्या पोराचा आवाज आईला कळत नाही का?

"मनिषा," ती कुजबुजली. "नगं जाऊस."

"आता कशी न्हाय म्हनू, आत्याबाई? मीच मागितलं."

"मी चुकले गं. त्येला समद्यांत धरला. आता त्यो तुला नेनार, आन येक सबद बोलनार न्हाय तुज्याशी. मला ठावं हाय त्यो. खोलीवर ताटबी येकच ठिवलंय त्येनं, म्या बगितलंय. त्यो भांडत न्हाय, मारत न्हाय. त्यो नुसता गप बसंल. ह्येंनी माजी सारी जिंदगी तशीच घालवली."

"मग मी काय करू?"

"मला ठावं न्हाय," छबूबाई म्हणाली. "ठावं असतं तर म्या केलं नसतं का?"

बाहेर जीप सुरू झाली. "चल गं," आबासाहेबांनी हाक मारली. घोंगड्याखालून तो हात पुन्हा आला, मनिषाच्या पावलाला लागला, तिथंच क्षणभर राहिला आणि गेला. मनिषाला एकदम वाटलं, घोंगडं बाजूला करावं आणि तिचं तोंड बघावं. आज पहिल्यांदाच बघावंसं वाटत होतं. तिनं लोकर मुठीत धरलीसुद्धा. पण बाधलं तर? उद्या मल्हारला कारखान्यात काही झालं तर? तिनं मूठ सोडली. खिडकीतून तिला जीपची मागची बाजू दिसली, आणि तीत हिरवा काठ.

पाव्हणे गेल्यावर कुशाबाईनं घोंगडं उतरवलं, झटकलं आणि घडी करून ट्रंकेत टाकलं. माजघर एकदम मोठं दिसायला लागलं.

फुलाबाईला आता अंगात वारं शिरल्यागत झालं होतं. तिनं स्टूल घेतलं आणि फळीवरची भांडी उतरवायला लागली. "खोलीला काय काय लागंल ते आत्ताच बांदून ठिवू. पातेली दोन, तवा, परात. पिंपळीचं बोचकं नगं मागायला, उगं त्येंच्या डोळ्यावर येतंय. आन ताटं सा देते तुला. पाव्हणारावळा येतो."

"ताट हाय तितं," मनिषा म्हणाली.

"किती?"

"येक."

"येक? आगं, मग त्येंनी ताट घेतल्यावर तू कशात जेवनार?"

मनिषा चुलीतली राख पुढं ओढत होती. तिनं वर बघितलं नाही. "त्येंचं जेवान झाल्यावर. त्याच ताटात."

फुलाबाई स्टुलावर उभ्या उभ्या थांबली. मग तिचं तोंड फुललं. खाली वाकून तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. "शानी झाली गं माजी बाय! ऐकलंसा का वन्सं, काय म्हनतीया ती? म्या उगाच घोर लावून घेतला हुता. पोर नांदायला लागली आता!"

आणि तिनं ताटं पुसून परत फळीवर लावून ठेवली.